फूझी, बचनाग आणि पातेल्यातला एक तास

हाँगकाँगला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. यजमान 62 वर्षांचे, गुडघे दुखतात, पाय कायम गार. तिथल्या चिनी वैद्याने सात दिवसांच्या काढ्याच्या पुड्या दिल्या. त्यात 'फूझी' नावाच्या काळपट चकत्या वेगळ्या पुडीत आहेत, रोज 9 ग्रॅम, आणि वर सूचना की या आधी तासभर उकळा, मग बाकीची औषधं घाला. मुलाने नाव शोधलं तर जहाल विष निघालं. सासूबाई म्हणतात, आपल्या सर्दीवरच्या त्रिभुवनकीर्तीत बचनाग असतोच की, कोण मेलं? ताई विचारतात: हे औषध आहे की विष, द्यावं का, आणि तासभर गॅस जाळण्यापेक्षा कुकरला लावलं तर चालेल का?

मी रसशास्त्र, म्हणजे आयुर्वेदातलं औषधं बनवण्याचं शास्त्र, शिकवते, तीसेक वर्षं रुग्ण बघते आहे, आणि बचनागाशी माझा संबंध रोजचा आहे. चिनी वैद्यकाची मी पदवीधर नाही. पण फूझी आणि बचनाग ही एकाच कुळातली, सख्खी म्हणावीत अशी भावंडं आहेत, त्यामुळे एकीची नाडी कळली की दुसरीची बरीचशी कळते. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं धोक्याचं आहे, त्याकडे पुढे येते.

फूझी म्हणजे अ‍ॅकोनिटम कारमायकेलाय या झाडाचं मूळ. निळ्या-जांभळ्या टोपीच्या आकाराची फुलं येतात, दिसायला देखणं झाड. जमिनीत मधोमध एक जुनं मूळ असतं आणि त्याला चिकटून लहान लहान कंद धरतात. आईमुळाला चिनी लोक 'वूथोऊ' म्हणतात, म्हणजे कावळ्याचं डोकं, कारण ते तसंच काळं आणि चोचीसारखं निमुळतं दिसतं. सिचुआन प्रांतातलं म्हणून औषधाच्या पेढीवर त्याला 'छ्वानवू' हे नाव आहे. चिकटलेला कंद म्हणजे 'फूझी', शब्दशः 'चिकटलेलं पोर'. झाड एक, पण आई आणि पोर ही दोन वेगळी औषधं धरली जातात: आई दुखण्यावर, पोर गारठलेल्या शरीरात ऊब आणायला. तिसरं एक 'त्साओवू' असतं, ते वेगळ्याच, रानटी जातीचं मूळ, आणि ते अधिक बेभरवशाचं. पुडीवर यातलं नेमकं कोणतं नाव आहे हे आधी नीट वाचून घ्या. 'पायफूझी' नावाचं एक चौथंही आहे, म्हणजे 'पांढरी फूझी'. ते बहुधा आपल्या सुरणाच्या कुळातल्या एका कंदाचं असतं आणि फूझीशी त्याचं काही नातं नाही. नावांचा हा घोळ चीनमध्येही लोकांना भोवतो.

उत्तम फूझी सिचुआनमधल्या च्यांगयोऊ या भागातली मानतात, जशी आपल्याकडे हळद म्हटली की सांगली. हिवाळ्यात लावतात आणि जूनअखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत खणून काढतात. खणलेला कंद तसाच ठेवला तर कुजतो, आणि तसाच खाल्ला तर माणूस जातो. म्हणून शेतातून निघाल्याबरोबर तो मिठागरात मीठ काढल्यावर उरणाऱ्या कडू, खारट पाण्यात बुडवतात. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात. काही दिवस मुरल्यावर त्याच पाण्यात आतल्या गाभ्यापर्यंत शिजवतात, मग चकत्या करून पुन्हा पुन्हा साध्या पाण्यात भिजवून खार काढतात, वाफवतात आणि वाळवतात. सालीसकट कापलेल्या आणि रंग चढवलेल्या काळपट चकत्या म्हणजे 'हैशुनफ्येन', साल काढलेल्या पिवळट पांढऱ्या म्हणजे 'पायफूफ्येन'. ताईंनी वर्णन केलेल्या चकत्या पहिल्या प्रकारच्या वाटतात.

आता या शिजवण्यात नेमकं काय होतं ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

या मुळाचं विष म्हणजे अ‍ॅकोनिटीन आणि त्याची दोन भावंडं, मेसअ‍ॅकोनिटीन आणि हायपअ‍ॅकोनिटीन. रसायनशास्त्रात यांना डायएस्टर अल्कलॉइड म्हणतात. 19 कार्बनचा एक गुंतागुंतीचा सांगाडा आणि त्याला दोन ठिकाणी दोन आम्लांचे तुकडे एस्टरबंधाने लटकवलेले: आठव्या कार्बनवर अ‍ॅसेटिक आम्लाचा, चौदाव्यावर बेंझोइक आम्लाचा. या दोन लटकनांमुळेच तो रेणू जहाल होतो. पाण्यात उष्णता दिली की आधी आठव्यावरचा तुकडा गळून पडतो आणि बेंझॉइलअ‍ॅकोनीन उरतं. त्याचं विषारीपण मूळ रेणूच्या शेकडो पटींनी कमी. आणखी उकळलं की चौदाव्यावरचाही तुकडा सुटतो आणि अ‍ॅकोनीन उरतं, ते हजारो पटींनी सौम्य. सांगाडा तोच राहतो, दात पडतात.

म्हणजे विष बाहेर काढून टाकायचं आणि औषध ठेवायचं, असा हा मामला नाही. थोडं पाण्यात वाहून जातं हे खरं. पण मुख्य गोष्ट ही की पातेल्यात एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होतो, आणि तो किती झाला हे वेळ, तापमान, चकतीची जाडी आणि पाणी यांवर ठरतं. कागदावरचे '9 ग्रॅम' त्यामुळे फार काही सांगत नाहीत. चिनी औषधसंहितेत शिजवलेल्या फूझीची मात्रा 3 ते 15 ग्रॅम दिली आहे, तेव्हा 9 हा आकडा मधलाच. पण 9 ग्रॅम नीट शिजवलेली, तासभर उकळलेली फूझी आणि 9 ग्रॅम कच्ची फूझी यांत काढा आणि खून इतका फरक आहे. शुद्ध अ‍ॅकोनिटीनचे 2 मिलिग्रॅमही माणसाचा जीव घेऊ शकतात. मिलिग्रॅम म्हणतेय मी. तांदळाच्या एका दाण्याचं वजन साधारण 20 मिलिग्रॅम भरतं, त्यावरून अंदाज करा.

हे विष शरीरात काय करतं? मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींना सोडियमची दारं असतात. संदेश आला की दार उघडतं, सोडियम आत येतं आणि क्षणार्धात दार मिटतं. अ‍ॅकोनिटीन त्या दाराच्या फटीत पाचर मारतं. दार मिटत नाही, पेशी पुन्हा पुन्हा पेटत राहते. म्हणून आधी जीभ आणि ओठ झिणझिणतात, मग बधिर होतात, मग हातापायाला मुंग्या, मळमळ, उलट्या, घाम, अशक्तपणा, आणि शेवटी हृदयाची लय सुटते. खालचे कप्पे आपापल्या मर्जीने धडधडू लागतात. ईसीजीवर कधी कधी एक ठोका वर, एक खाली अशी विचित्र नक्षी दिसते, ती बघून अनुभवी डॉक्टरला बचनागाची शंका येते. लक्षणं बहुधा दहा मिनिटं ते दोन तासांच्या आत सुरू होतात. उतारा नाही. रुग्णालयात हृदयाच्या लयीवरची औषधं देतात, फार बिघडलं तर हृदय-फुप्फुसाच्या यंत्रावर रुग्णाला धरून ठेवतात आणि शरीर विष बाहेर टाकेपर्यंत वेळ काढतात. एक-दोन दिवस निभावले की माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, हे त्यातल्या त्यात बरं.

थोडं विषयांतर करते, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1986 मध्ये जपानमध्ये ओकिनावाच्या सहलीवर एक बाई अचानक वारली. नवरा घटनेच्या वेळी तिच्यासोबत नव्हता, आणि अ‍ॅकोनिटीन तर लगेच काम करतं, म्हणून त्याच्यावर संशय धरता येईना. पुढे जपून ठेवलेल्या रक्तात अ‍ॅकोनिटीनबरोबर फुगू माशाचं विषही सापडलं. अ‍ॅकोनिटीन सोडियमचं दार उघडं धरतं, फुगूचं विष तेच दार बंद करतं. दोन्ही एकमेकांना अडवून बसली होती. माशाचं विष आधी ओसरलं आणि मग अ‍ॅकोनिटीनला मोकळं रान मिळालं. माझ्या विद्यार्थ्यांना सोडियमची दारं या गोष्टीमुळे जेवढी लक्षात राहतात तेवढी पुस्तकातल्या आकृतीने कधीच राहिली नाहीत.

चीनमध्येही या मुळाचा इतिहास असाच दोन तोंडांचा आहे. हान घराण्यातल्या शुआन सम्राटाची राणी शू फिंगच्युन इसवी सनापूर्वी 71 मध्ये बाळंतपणानंतर वारली. सरदार हुओ क्वांगच्या बायकोला आपली मुलगी राणी व्हायला हवी होती. तिने एका वैद्यबाईला फितवून राणीच्या गोळ्यांत फूझी मिसळवली. आणि त्याच घराण्याच्या अखेरीस, इसवी सन 200 च्या आसपास, चांग चुंगचिंग या वैद्याने लिहिलेल्या ज्वरावरच्या ग्रंथात फूझी मरणाच्या दारातून माणसाला परत आणणारं औषध म्हणून येते. हातपाय थंडगार, नाडी लागत नाही, जुलाबाने माणूस गळून गेलेला, अशा वेळी 'सनी थांग' नावाचा काढा: फूझी, सुंठ आणि ज्येष्ठमध. गंमत म्हणजे मूळ पाठात फूझी कच्चीच घ्यायला सांगितली आहे, पण ती फोडून, पाणी आटून निम्म्याहून कमी होईपर्यंत उकळायची.

सुंठ आणि ज्येष्ठमध ही जोडी मला आपली वाटते. ज्येष्ठमधातली आम्लं अ‍ॅकोनिटीनसारख्या अल्कलॉइडना धरून ठेवतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. रसशास्त्रात आपण वत्सनाभाबरोबर, म्हणजे बचनागाबरोबर, टंकण घालतो, म्हणजे लाही केलेला सवागी, आणि त्याला वत्सनाभाचा उतारा मानतो. त्रिभुवनकीर्तीची घटकद्रव्यं बघा: हिंगूळ, वत्सनाभ, सुंठ, मिरी, पिंपळी, पिंपळमूळ आणि टंकण, वर तुळस, आलं, धोतरा यांच्या रसाच्या भावना, म्हणजे त्या रसांत घोटणं. टंकण अल्कधर्मी आहे आणि एस्टरबंध अल्कधर्मात लवकर सुटतात. जुन्या आचार्यांना एस्टर माहीत नव्हते, पण काय केल्यावर जीभ बधिर होत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपलं शोधनही, म्हणजे विषारी द्रव्य सौम्य करण्याची कृती, याच वाटेने जातं. वत्सनाभाचे तुकडे गोमूत्रात उन्हात तीन दिवस ठेवायचे, रोज गोमूत्र बदलायचं. किंवा पोटलीत बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात टांगून, गाईच्या दुधात शिजवायचे. ठेवलेलं गोमूत्र अल्कधर्मी होत जातं. सिचुआनच्या शेतकऱ्याने मिठाचं कडू पाणी घेतलं, आपण गोमूत्र घेतलं. दोघांनाही तोच रेणू मोडायचा होता.

चिनी औषधसंहितेत छ्वानवू शिजली की नाही हे ठरवायची एक कसोटी आहे, ती मला फार आवडते: चार ते सहा तास उकळायचं, मग मोठ्यातला मोठा कंद कापायचा, आत पांढरा गाभा राहिलेला नको आणि जिभेला लावल्यावर अगदी किंचित बधिरपणा यायला हवा. किंचित. अजिबात नाही असं नव्हे. म्हणजे त्यांनाही दात पाडायचे आहेत, पण जबडा काढायचा नाही. आता अर्थात यंत्रांवर मोजमाप होतं आणि डायएस्टर अल्कलॉइडना कमाल मर्यादा घालून दिलेली आहे. जपानी लोकांनी तर हे सगळं कारखान्यात नेलं. तिथे वाफेच्या दाबाखाली, साधारण 120 अंशांवर कंद शिजवतात आणि प्रत्येक खेपेची तपासणी करतात. कुकरचा तुमचा प्रश्न यामुळेच वेडगळ नाही. त्याकडे शेवटी येते.

मग गुण कशाने येतो? इथे मी थोडी सावध बोलते. दुखणं कमी होतं ते बहुधा याच अल्कलॉइडमुळे, सौम्य झालेल्या रूपात. सोडियमच्या दाराशी खेळणारी कितीतरी द्रव्यं वेदनेवर चालतात, दातांच्या डॉक्टरचं बधिर करायचं इंजेक्शन त्यातलंच. चीनमध्ये याच कुळातल्या दुसऱ्या जातींपासून काढलेली लॅपअ‍ॅकोनिटीन आणि बुलेअ‍ॅकोनिटीन ए ही शुद्ध औषधं वेदनाशामक म्हणून मान्यता घेऊन बाजारात आहेत, आणि अफूसारखी सवय लावत नाहीत. त्याहून नवल रशियात आहे: तिथे लॅपअ‍ॅकोनिटीनच 'अ‍ॅलापिनिन' या नावाने हृदयाची बिघडलेली लय सुधारायला देतात. एका कुळातला एक रेणू लय बिघडवतो, दुसरा सावरतो. एक दार उघडं धरतो, दुसरा अडवतो.

हृदयाला जोर येतो तो बहुधा हायजेनअ‍ॅमिनमुळे. जपानी संशोधकांनी 1976 मध्ये फूझीतून हा रेणू वेगळा केला. प्रमाण अगदी थोडं असतं, पण तो अ‍ॅड्रेनलिनच्या वाटेने काम करतो, ठोके वाढवतो, श्वासनळ्या सैल करतो. 2017 पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत त्याचं नाव स्पष्ट घातलं आहे. तेव्हा तुमच्या घरी कोणी स्पर्धेत धावणारं असेल तर या काढ्यापासून त्याला लांब ठेवा. पाय गरम होणं, अंगात ऊब येणं यामागे हेही असावं. फूझी आणि जिनसेंग यांचं मिळून केलेलं इंजेक्शन चीनच्या रुग्णालयांत हृदय कमजोर झालेल्यांना देतात. त्यावर चीनमध्ये चाचण्या पुष्कळ झाल्यात, पण बऱ्याचशांची मांडणी ढिसाळ आहे, आणि तेवढ्यावर मी कोणाला छातीठोक सांगणार नाही. गुडघ्याच्या संधिवाताबद्दलही माझं मत असंच आहे: गारठ्याने वाढणाऱ्या दुखण्यात आराम पडतो हा शतकांचा अनुभव आहे आणि रसायनाशी तो जुळतो, पण कूर्चा पुन्हा वाढते वगैरे जे सांगतात ते सोडून द्या.

लोक कसे मरतात हेही बघा, म्हणजे कुठे जपायचं ते कळेल. वैद्याने लिहिलेल्या, नीट शिजवलेल्या, नीट उकळलेल्या फूझीने मेल्याच्या कहाण्या फारच थोड्या. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी गेल्या काही दशकांत अशा विषबाधांवर पुष्कळ लिहिलं आहे, आणि कारणं फिरून फिरून तीच येतात: मूळ नीट शिजवलेलं नसणं, मात्रा जास्त होणं, उकळण्याला दिलेली काट, आणि दारूत मुरवणं. दारूचं तर विशेष सांगते. गुडघ्यावर चोळायला किंवा प्यायला मुळं दारूत टाकून ठेवायची पद्धत चीनमध्ये जुनी आहे. दारू अल्कलॉइड छान ओढून घेते, पण थंड असल्याने एस्टर मोडत नाही. म्हणजे विष बाटलीत उतरतं आणि दात शाबूत राहतात. फुटलेल्या कातडीवर चोळली तरी ती आत जाते. युन्नानमध्ये हिवाळ्यात ही मुळं मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून खातात, आणि ज्या घरी लवकर भूक लागते त्या घरची माणसं रुग्णालयात जातात.

2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये एकाच दुकानातून घेतलेला काढा प्यायलेल्या दोघांना तासाभरात हृदयाचा त्रास झाला, त्यातल्या बाई पुढे वारल्या. 2022 मध्ये कॅनडातल्या मार्कहॅम गावी एका उपाहारगृहात जेवून डझनभर लोक आजारी पडले, त्यात मसाल्याच्या कपूरकाचरीसारख्या पुडीत अ‍ॅकोनाइटची भेसळ निघाली. तेव्हा पुडी कोणाकडून आली, हा प्रश्न वैद्याच्या पदवीइतकाच महत्त्वाचा आहे. हाँगकाँगच्या 1999 च्या चिनी वैद्यक कायद्यात विषारी वनस्पतींची व द्रव्यांची 31 नावांची यादी आहे, कच्ची फूझी, कच्ची छ्वानवू, कच्ची त्साओवू तीत येतात आणि नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तुमचा वैद्य नोंदणीकृत आहे का हे बघणं तिथे सोपं आहे, तेवढं करा.

सासूबाईंकडे वळते. त्यांना सांगा की त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे, पण शोधन केलेला, अत्यल्प मात्रेत, आणि गोळी दोन-तीन दिवसांसाठी असते. आपल्याकडेही औषधविषयक कायद्याच्या ई-एक या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत वत्सनाभ आहे आणि अशा औषधांच्या वेष्टणावर वैद्यांच्या देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापावा लागतो. तो कोणी वाचत नाही हा भाग वेगळा. सर्दी झाली की त्रिभुवन चघळणाऱ्या पुणेकरांची मला काळजीच वाटते. आणि मुख्य म्हणजे फूझीच्या काढ्याबरोबर त्रिभुवनकीर्ती किंवा वत्सनाभाचं कुठलंही औषध चालू ठेवू नका, मृत्युंजय रस नाही, आनंदभैरव नाही. दोन्ही हिशेब एकाच खात्यात पडतात.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे, तो चिनी नावांच्या घोटाळ्याहून कमी नाही. खरा बचनाग हिमालयात, नेपाळ-सिक्कीमकडे होतो, सह्याद्रीत नाही. पण महाराष्ट्रात काही ठिकाणी कळलावीलाही बचनाग म्हणतात. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या फुलांची वेल. तिच्या कंदातलं विष कोल्चिसीन, अगदी वेगळं. ते आधी जुलाब-उलट्या करतं आणि मग काही दिवसांत रक्तपेशी आणि अवयव निकामी करतं. 'बचनाग खाल्ला' एवढं ऐकून उपचार करणारा डॉक्टर इथे फसू शकतो.

आणि बाळगुटीतलं अतिविष? तेही अ‍ॅकोनिटमच! फक्त त्या जातीत ते दोन लटकनांचे रेणू नसतात, त्यातलं अतिसीन हे वेगळ्या, 20 कार्बनच्या सांगाड्याचं आणि खूपच सौम्य. म्हणून ते तान्ह्यालाही उगाळून देतात. काही वर्षांपूर्वी एक आजी नातवाच्या गुटीसाठी आणलेली मुळं मला दाखवायला घेऊन आल्या, 'या वेळची काळी कशी हो?' म्हणून. अतिविषाची कळी बाहेरून करडी, आतून पांढरीशुभ्र, पिठूळ आणि निव्वळ कडू. या मुळांचा रंग गडद होता, आणि मोडलेल्या टोकाला नुसती जीभ टेकवली तर अर्धा तास माझ्या जिभेचं टोक माझं नव्हतं. काष्ठौषधीच्या दुकानदाराने अतिविषाच्या डब्यात बचनाग भरला होता. आजींनी रंग बघितला म्हणून ते मूल वाचलं. हा जिभेचा उद्योग तुम्ही करू नका. मीही तेव्हा करायला नको होता.

तर द्यावं का? मला यजमानांची बाकी माहिती नाही, म्हणून अटींवर सांगते. त्यांची हृदयाची लय कधी बिघडलेली असेल, डिगॉक्सिन किंवा लयीवरची कोणतीही गोळी चालू असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, तर नको. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तरी नको, कारण तिने पोटॅशियम उतरतं, काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तो ते आणखी उतरवतो, आणि पोटॅशियम कमी असलेलं हृदय अ‍ॅकोनिटीनपुढे फार लवकर हात टेकतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती कोणती हे चिनी वैद्याला दाखवा, आणि काढ्याबद्दल आपल्या डॉक्टरला सांगा. दोघांपासून एकमेकांना लपवू नका, आपल्या लोकांना ही खोड फार. काढ्यात दुसरं काय आहे हेही विचारा: पनश्या, पैमू, क्वालोऊ ही नावं दिसली तर वैद्याला कारण विचारा. वूथोऊच्या जोडीला ही नकोत, असं चिनी परंपरेतलं अठरा विरुद्ध द्रव्यांचं जुनं सूत्र सांगतं. फूझीला ते लागू पडतं का यावर तिकडे वाद आहेत, पण विचारायला काय जातं.

यातलं काही आड येत नसेल, वैद्य नोंदणीकृत असेल, पुडीवर शिजवलेली फूझी असं असेल, तर 9 ग्रॅमचा काढा देण्यात मला गैर वाटत नाही. सिचुआनमध्ये चंग छिनआन या एकोणिसाव्या शतकातल्या वैद्याच्या परंपरेत, 'अग्निदेव संप्रदाय' म्हणतात त्याला, शंभर शंभर ग्रॅम फूझी लिहिणारे आहेत. तुमच्या वैद्याने पहिल्याच भेटीत तेवढं लिहिलं असतं तर मी पुडी परत करायला सांगितली असती.

करताना एवढं पाळा. चकत्या अर्धा तास भिजवा, भरपूर पाण्यात टाका, आणि तास मोजायचा तो उकळी फुटल्यापासून, गॅस पेटवल्यापासून नाही. पाणी कमी झालं तर उकळतं पाणीच घाला, गार पाणी घातलं की तापमान पडतं आणि घड्याळ मात्र चालू राहतं. पहिल्या दिवशी अर्धाच काढा द्या आणि दोन तास त्यांना डोळ्यांसमोर ठेवा. ओठ किंवा जीभ झिणझिणली तर 'औषध लागू पडतंय' असं समजू नका. काही वैद्य तसं सांगतात, मला ते पटत नाही. काढा थांबवा आणि थेट इमर्जन्सीत जा, पुडी आणि चोथा बरोबर घेऊन. उलटी करवायच्या, मीठपाणी पाजायच्या भानगडीत पडू नका. काढ्याबरोबर दारू नको, औषधी म्हणून विकली जाणारीसुद्धा.

राहिला कुकर. रसायन तुमच्या बाजूने आहे. दाबाखाली पाणी 120 अंशांपर्यंत तापतं आणि एस्टर कितीतरी वेगाने मोडतात, जपानी कारखाने तेच करतात. पण त्यांच्याकडे प्रत्येक खेपेनंतर मोजणारं यंत्र आहे, आणि तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं, हे तुमच्या कुकरलाच माहीत. शिवाय वैद्याने मात्रा ठरवली ती उघड्या भांड्यातल्या तासाभराच्या काढ्यासाठी. कुकरमध्ये ती जास्त सौम्य होईल आणि गुण कमी येईल, मग तुम्ही म्हणाल चकत्या वाढवू या, आणि एखाद्या दिवशी शिट्टी बसली नाही तर? साधं स्टीलचं पातेलं घ्या, झाकण अर्धवट ठेवा, आणि स्वयंपाकघरातच थांबा.